सोशल डिस्टन्सिंग माणसांना नक्की किती दिवस झेपणार?

खिडकीतून | १८ एप्रिल २०२०, रात्री ११:४२

मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण डोक्यात एकच प्रश्न घुमतोय आणि घरात विचारायची सोय नाही, विचारलं की "तू बातम्या बघणं बंद कर" एवढंच ऐकायला मिळतं.

तर प्रश्न असा, की कोरोनामुळे हे अंतर राखणं माणसांना किती दिवस झेपेल? सरकारं किती दिवस लावून धरतील त्यावर इथे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हीकडे हाणामारी चालू आहे, तिकडे मला जायचं नाही. मी तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल विचारतेय.

मेडिकलच्या बाहेर रांगेसाठी चुन्याने गोल आखलेत. पहिल्या आठवड्यात लोक त्या गोलाच्या अगदी मधोमध उभे राहायचे, दोन्ही पाय आत, लहानपणीच्या खेळात असल्यासारखे. पुढचा सरकला की मगच आपण. काल गेले तर चुना पायांनी पुसून निम्मा उडालेला, माणसं कडेवर, एक पाय आत एक बाहेर, आणि मागच्या काकांचा श्वास चक्क माझ्या मानेला लागत होता. वळून बघितलं तर ते अर्धं पाऊल मागे गेले, मी पुढे तोंड केलं की परत जागेवर. माणूस वाईट नव्हता हो, त्यांना कळतही नसेल आपण काय करतोय.

दुसरं म्हणजे आई. ती एकटी राहते, मी दारातून सामान देते आणि दोन मिनिटं बोलते. तिला एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, आणि इतकी वर्षं ती निम्मं आमच्या ओठांवरून ओळखायची हे मला मास्क लावल्यावर कळलं. दोन मीटरवरून तोंड झाकून बोललेलं तिला काही पोचत नाही, मग ती एक पाऊल पुढे येते, मी एक पाऊल मागे जाते, ती परत पुढे. परवा असं करत करत मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पोचले. दोघी हसलो. नंतर घरी येऊन रडले ते सोडा.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजचा १६ मार्चचा रिपोर्ट बहुतेकांनी बघितला असेल, त्यात लस येईपर्यंत म्हणजे १८ महिने किंवा त्याहून जास्त हे चालवावं लागेल असं आहे. आता चार दिवसांपूर्वी हार्वर्डवाल्यांचा पेपर आलाय, तो म्हणतो २०२२ पर्यंत अधूनमधून अंतर पाळावं लागू शकतं. २०२२!! चीनमधलं वुहान ७६ दिवसांनी उघडलं तर केवढी बातमी झाली, आणि इथे वर्षांचा हिशेब चाललाय.

अनुभव, वाचन, अंदाज काहीही चालेल. "घरी रहा सुरक्षित रहा" हा फॉरवर्ड नको आणि "हे सगळं थोतांड आहे" हेही नको.

---

आकडेमोड | १९ एप्रिल २०२०, सकाळी ८:१०

चांगला प्रश्न. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी गणित बघू म्हणजे किती झेपवायचंय ते तरी कळेल. एका रुग्णाकडून सरासरी अडीच जणांना लागण होते असं धरा आणि एका चक्राला साधारण पाच दिवस. अंतर पाळून तो अडीचचा आकडा ०.७ वर आणला तर १००० चे ७००, मग ४९०, मग ३४३, असं करत सहा चक्रांनी म्हणजे महिनाभराने तुम्ही ११८ वर येता. छान वाटतं ना? आता सगळं एकदम सोडून द्या. ११८ चे २९५, ७३८, १८४४. म्हणजे महिनाभर जीव काढून जे कमावलं ते बारा दिवसांत गेलं. उतरायला जिना आणि चढायला लिफ्ट, असला हा आजार आहे. त्यामुळे "दोन महिने दम धरा, मग संपलं" असं जे सांगतात ते गणिताला धरून नाही.

पण याच गणितात एक दिलाशाची जागा आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. मार्चच्या शेवटी ब्रिटनमध्ये लोकांना विचारलं की काल तुम्ही किती जणांना भेटलात, तर सरासरी २.८ निघाली. एरवी ती १०.८ असते. एवढ्याने त्यांच्या हिशेबात लागणीचा आकडा २.६ वरून ०.६ च्या आसपास आला. आता उलटं मोजा, आकडा १ च्या खाली ठेवायला १०.८ भागिले २.६, म्हणजे दिवसाला चार भेटी चालतात. चार म्हणजे भरपूर नाहीत, पण २.८ पेक्षा जास्त आहेत. दारात उभ्या असलेल्या आईशी बोलणं त्या चारात बसतं.

म्हणजे महिन्याचं बजेट असतं तसं हे भेटींचं बजेट आहे. प्रश्न किती दिवस हा नाहीच मुळी, ते चार कशावर खर्च करायचे हा आहे. ऑफिसच्या मीटिंगवर तीन उडवले तर आईला एक उरतो.

इंपिरियलच्या रिपोर्टमध्येही सलग १८ महिने कोंडून घ्या असं नाहीये, आयसीयूतले आकडे वाढले की लावायचं, उतरले की काढायचं अशी चालू-बंद पद्धत त्यात आहे. अर्थात त्यातही एकूण काळाचा दोन तृतीयांश भाग ते चालूच असतं, तेव्हा फार खूश होऊ नका.

---

तिरकस | १९ एप्रिल २०२०, सकाळी ९:३५

आकडेमोड साहेब, बजेट वगैरे झकास, पण ज्यांना पगाराचं बजेट महिनाअखेरपर्यंत पुरवता येत नाही ते भेटींचं पुरवणार?? बघा बुवा.

माझा अंदाज सांगतो, सहा आठवडे. हवेतला नाही, इतिहासातला. स्पॅनिश फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत १९१८ च्या ऑक्टोबरात मास्कची सक्ती झाली. २१ नोव्हेंबरला दुपारी १२ वाजता शहरभर भोंगे वाजले, सक्ती उठली, लोकांनी मास्क काढून रस्त्यात भिरकावले. जेमतेम चार आठवडे टिकलं. जानेवारीत आकडे वाढले म्हणून परत सक्ती केली तर लोकांनी चक्क अँटी-मास्क लीग काढून सभा घेतल्या!! १ फेब्रुवारी १९१९ ला प्रशासनाने हात टेकले. पहिल्या खेपेला निमूट ऐकणारी माणसं तीच बरं का, फक्त दुसरी खेप होती.

तेव्हा चालू-बंद चालू-बंद हे कागदावर. बंद केलेलं परत चालू करायला गेलात की तुमच्या नावाने लीग निघते.

---

आकडेमोड | १९ एप्रिल २०२०, सकाळी १०:०२

@तिरकस, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच साथीत अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला दोन लाख माणसांची परेड होऊ दिली आणि सेंट लुईसने पहिले रुग्ण दिसल्यावर दोनेक दिवसांत शाळा, थिएटरं, सभा बंद केल्या. सगळ्यात वाईट आठवड्यातला मृत्युदर फिलाडेल्फियात जवळपास आठपट होता. पुढे सेंट लुईसनेही सैल सोडल्यावर त्यांचे आकडे परत चढले हे मान्य, पण तोवर पहिली लाट अंगावर न घेता गेली होती. कायम टिकलं नाही म्हणून उपयोग झाला नाही असं होत नाही हो.

---

तिरकस | १९ एप्रिल २०२०, सकाळी १०:०९

उपयोग झाला नाही असं मी कुठे म्हटलं? टिकत नाही म्हटलं. धागाकर्तीने टिकण्याबद्दल विचारलंय. प्रश्न वाचा मग उत्तर लिहा.

---

रात्रपाळी | १९ एप्रिल २०२०, दुपारी ४:२०

आत्ता उठले. आयसीयूत स्टाफ नर्स आहे, त्यामुळे अंतर वगैरे आमच्याकडे फक्त पोस्टरवर. पेशंटला पोटावर पालथं करायचं तर पाच जण लागतात, एक डोक्याशी नळी धरून, दोघं या बाजूला दोघं त्या बाजूला, सगळ्यांची तोंडं एकमेकांच्या हातभर अंतरावर. त्यासाठी तो पीपीई किट. आत गेल्यावर पाणी नाही, बाथरूम नाही, घाम कोपरापर्यंत ग्लोव्हजमध्ये साचतो, चष्म्यावर वाफ. आणि खरी भीती आत असताना नसते, ती किट उतरवताना असते. आधी बाहेरचे ग्लोव्हज, हात सॅनिटाइझ, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळत, परत हात, चष्मा मागून धरून, परत हात, मास्क सगळ्यात शेवटी, पुढून हात लावायचा नाही. पहिले आठ दिवस भिंतीवरचा कागद वाचत वाचत करायचो, शिवाय समोर एक जण नुसता बघायला उभा. आता पाठ झालंय आणि म्हणूनच चुकतं. परवा मी मास्क काढताना पुढून धरला. काही झालं नाही, पण लक्षात आलं की थकव्यापेक्षा सवयीनेच घात होईल.

सांगायचं हे की तिरकस म्हणतात ते सहा आठवडे मला पटत नाही, आम्हाला झेपतंय ना. पण आम्हाला कशामुळे झेपतंय? समोर उभा राहून बघणारा माणूस आहे, ड्युटी संपायची वेळ ठरलेली आहे, ड्युटीनंतर राहायला वेगळी खोली दिलीय. तुम्हाला यातलं काय दिलंय? नुसतं "अंतर ठेवा".

आणि हो, बाहेर लोकांनी आज सैल सोडलं तर आमच्याकडे आज काही दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी बेड भरायला लागतात. व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस लगेच बेड सोडत नाही, आठवडे लागतात. त्यामुळे "बघा, सोडलं तरी काही झालं नाही" असं जे दहा दिवसांनी म्हणतात त्यांना कृपया अजून दहा दिवस थांबायला सांगा.

(@खिडकीतून, आईला पाटीवर लिहून दाखवा. आम्ही तेच करतो, किटमधून कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही.)

---

खिडकीतून | १९ एप्रिल २०२०, संध्याकाळी ६:५५

@रात्रपाळी, पाटीची आयडिया घेतली!! माझ्या लेकाची जुनी पाटी सापडली, फक्त खडू नाहीये.

---

पोटपाणी | २० एप्रिल २०२०, रात्री १:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितोय.

अंतर ही विकत घ्यायची वस्तू आहे. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली, महिन्याचा पगार आणि लॅपटॉपवर होणारं काम आहे तो वर्षभरही पाळेल, कुरकुर करत पाळेल पण पाळेल. एका खोलीत सहा माणसं राहतात, नळ आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून एक, तिथे दोन मीटर कुठून आणायचे? आणि ज्याचं आज काम केलं तरच आज खायला मिळतं त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी अशक्य गोष्ट सांगताय, त्याचे सहा आठवडे वगैरे मोजायचा प्रश्नच येत नाही. मग तो बाहेर पडला की आपण बाल्कनीतून फोटो काढून टाकणार, "बघा कसे बेशिस्त लोक." मी स्वतः टाकलाय असा एक, दुसऱ्या आठवड्यात. नंतर डिलीट केला.

क्वारंटाईन शब्दच चाळीसवरून आलाय. चाळीस दिवस. त्याच्या आधी रागुसा (आताचं क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक) बंदरात १३७७ साली तीस दिवसांचा नियम केला होता. आकडा वैद्यकीय दृष्ट्या बरोबर असेल नसेल, पण आकडा होता, बोटीवरच्या माणसाला माहीत होतं की अमुक दिवशी उतरायचंय. आपल्याकडे काय होतं, तारीख देतात आणि ती आली की पुढे ढकलतात. इटलीत बघा, आधी ३ एप्रिल, मग १३ एप्रिल, मग ३ मे. फेब्रुवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवर जुन्या अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात हेच आहे की मुदत कमीत कमी ठेवा आणि एकदा सांगितलेली मुदत वाढवू नका. चौदा दिवस सांगून चौदाला सोडलं तर माणूस पुढच्या वेळी तुमचं ऐकतो. माझ्या मते थकवा दिवसांनी येत नाही, फसवल्यासारखं वाटलं की येतो.

पैसे द्या, तारीख द्या, मग विचारा किती दिवस झेपेल.

---

तिरकस | २० एप्रिल २०२०, सकाळी ९:००

पोटपाणी, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. नोंद घ्यावी.

---

कुंपणावर | २० एप्रिल २०२०, दुपारी १२:३०

मला एक कळत नाही, याला सोशल डिस्टन्सिंग का म्हणायचं? अंतर शरीराचं ठेवायचंय, समाजाचं कशाला. डब्ल्यूएचओवालेही (जागतिक आरोग्य संघटना) आता फिजिकल डिस्टन्सिंग म्हणायला लागलेत. आमच्या बिल्डिंगमधले एक काका पूर्वीपासून कुणाशी बोलत नाहीत, ते परवा म्हणे मी तर आधीपासूनच पाळतोय. बाकी चर्चा वाचतोय, चालू द्या.

---

सावली | २२ नोव्हेंबर २०२०, रात्री १०:०५

धागा वर काढतेय, सात महिने झाले. तिरकस यांचे सहा आठवडे पण चुकले आणि आकडेमोड यांचं बजेटही कुणी पाळलं नाही असं माझं निरीक्षण.

झालं काय तर लोकांनी एकेक करून गोष्टी सोडल्या, सगळ्या एकदम सोडल्या नाहीत. हात धुणं राहिलं. मास्क राहिला, निदान हनुवटीवर तरी. गेलं ते भेटण्यावरचं बंधन, कारण त्याचीच किंमत सगळ्यात जास्त होती. गेल्याच महिन्यात डब्ल्यूएचओच्या युरोप ऑफिसने याला पँडेमिक फटीग, म्हणजे साथीचा थकवा, असं अधिकृत नाव देऊन टाकलं. आणि दुसऱ्या टोकाला मेलबर्न बघा, ११२ दिवसांचा कडक लॉकडाऊन, ऑक्टोबरच्या शेवटी उघडला तेव्हा रोजचे नवीन रुग्ण शून्य. ११२! म्हणजे झेपतं. स्वीडनने सक्ती नको, लोकांवर सोडू म्हणत एवढे महिने ५० जणांची मर्यादा चालवली, परवा तिथेही ८ ची मर्यादा जाहीर झाली. दोन्ही टोकं बघून मला तरी एकच ठाम उत्तर मिळत नाही.

पण मला चिडचिड वेगळ्याची होते. आपण कुठल्या नियमांवर लोकांचा दम घालवला बघा. आलेलं प्रत्येक पाकीट पुसा, बाकावर बसू नका, मोकळ्या मैदानात एकट्याने पळू नका. आणि बंद खोलीत? मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली, अडीच तास, ६१ माणसं, एकाला लक्षणं होती. ५३ जण आजारी, त्यातले दोघं गेले. हस्तांदोलन टाळलं होतं त्यांनी! हे मे महिन्यात छापून आलेलं. तरी पाट्या अजून दोन मीटरच्याच आहेत, "खिडकी उघडा" अशी पाटी मी अजून कुठे बघितली नाही. बंद खोलीत तासभर गप्पा मारल्या तर दोन मीटर काय नि तीन मीटर काय. माणसांचा दम पाण्याच्या टाकीसारखा असतो, मैदान बंद ठेवण्यात अर्धी टाकी ओतली आणि आता जिथे खरी गरज आहे तिथे नळाला पाणी नाही.

९ तारखेला फायझरच्या लशीची बातमी आल्यापासून घरात मात्र वातावरण बदललंय. आमचे आजोबा जे सप्टेंबरपासून "काय व्हायचं ते होऊ दे" मोडमध्ये होते ते आता म्हणतात, इतके दिवस काढले, लस येईतो काढू. पोटपाणी म्हणाले होते ते तारखेचं खरंच आहे.

---

तिरकस | २३ नोव्हेंबर २०२०, सकाळी ८:४५

सहा आठवडे चुकले, मान्य.

मला ऑगस्टमध्ये झाला. सौम्य होता, वास अजून पूर्ण आलेला नाही, साबण नाकाला लावला तरी काही नाही. चौदा दिवस एका खोलीत. ताट दाराबाहेर ठेवायचे, टकटक करायचे आणि पळायचे, माझी मुलगी तर टकटक व्हायच्या आधीच पळायची. मी, जो दहा मिनिटं एका जागी बसत नाही, तो राहिलो की. कॅलेंडरवर फुल्या मारत राहिलो. पंधराव्या दिवशी जर कुणी "अजून सात" म्हणालं असतं तर मी दार तोडलं असतं.

@रात्रपाळी, कशा आहात?

---

रात्रपाळी | २६ नोव्हेंबर २०२०, पहाटे ५:३०

आहे. दमलेय. सप्टेंबरमध्ये मलाही होऊन गेला. किट उतरवताना समोर उभं राहून बघायला आता कुणी नसतं, माणसंच कमी आहेत.

---

लेटलतीफ | ६ मे २०२३, रात्री ९:२०

काल डब्ल्यूएचओने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, म्हणून जुने धागे चाळत होतो, हा सापडला. अडीच वर्षांनी धागा वर काढल्याबद्दल सॉरी, पण आता निकाल लागलेत तर पेपर तपासू या की.

मेलबर्नचे सहा लॉकडाऊन मिळून २६२ दिवस झाले. २०२० च्या ११२ दिवसांना लोकांनी साथ दिली, २०२१ मध्ये रस्त्यावर मोर्चे निघाले. न्यूझीलंडने दीड वर्ष शून्य रुग्णांचा हट्ट चालवला, लोक खूशही होते, कारण मधल्या काळात देशात आत सगळं मोकळं होतं. विषाणूचा डेल्टा प्रकार आल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये तेही सोडलं. चीनने सगळ्यात लांब ताणलं, जवळपास तीन वर्षं, नोव्हेंबर २०२२ मध्ये लोक निषेध म्हणून कोरे कागद हातात घेऊन उभे राहिले आणि ७ डिसेंबरला बहुतेक नियम गुंडाळले. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची चार आठवड्यांची सक्ती आणि चीनची तीन वर्षं, दोन्ही माणसंच. तेव्हा "माणसाला अमुक दिवस झेपतं" असा आकडा निघतच नाही, मागे बळ किती, पैसे किती, वर मधे सुट्टी मिळते का, त्यावर सगळं.

सावली यांचं ते एकेक गोष्ट सोडण्याचं निरीक्षण मात्र बरोबर निघालं. १४ देशांतल्या सर्व्हेंवरून पुढे एक अभ्यास आला, त्यात पण हेच, अंतर पाळणं हळूहळू घसरलं, थोडं परत सावरलं, मास्क मात्र उलट वाढत गेला.

अजून एक गंमत, जी २०२० मध्ये कुणाला पटली नसती. शिकागोच्या दोन अर्थतज्ञांनी अमेरिकेतल्या फोनच्या लोकेशनवरून दुकानांतली वर्दळ मोजली. वर्दळ ६० टक्क्यांनी पडली, त्यातला सरकारी आदेशाचा वाटा फक्त ७ टक्के पॉइंट. बाकी लोक आधीच स्वतःहून घरी बसले होते, घाबरून. म्हणजे आपण इथे आदेश किती दिवस टिकेल यावर भांडत बसलो आणि खरं काम भीती करत होती. भीती उतरली की आदेश असून नसून सारखा.

आणि फायदा फक्त कोविडपुरता नव्हता. २०२०-२१ च्या हिवाळ्यात फ्लू जगभरात जवळपास गायबच झाला. फ्लूचा बी/यामागाता नावाचा एक प्रकार तर मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेलाच नाही, बहुतेक कायमचा गेला. अर्धवट, चुकतमाकत, हनुवटीवर मास्क ठेवून पाळलेल्या अंतराने हे केलं! मला हे वाचल्यावर जरा भरून आलं, खरं सांगतो. आपण एवढे काही वाईट नव्हतो.

---

आकडेमोड | ७ मे २०२३, सकाळी ७:५०

बी/यामागाताचं माहीत नव्हतं, धन्यवाद. ७ टक्क्यांच्या अभ्यासाबद्दल एक शंका, आदेश निघण्याचीच बातमी ऐकून लोक घाबरले असतील तर ती भीती कुणाच्या खात्यावर मांडायची? शेजारच्या जिल्ह्याचा आदेश ऐकूनही माणूस घरी बसतो. दोन्ही इतकं सुटं करता येत नाही. पण मी २०२० मध्ये भीती हा आकडा गणितात धरलाच नव्हता, ती चूक माझी. बजेट बजेट करत बसलो, माणूस बजेट नाही करत, शेजारच्या घरासमोर ॲम्ब्युलन्स आली का ते बघतो.

---

पोटपाणी | ७ मे २०२३, दुपारी २:४०

आणि पुढच्या वेळी? भीती आधीच वापरून झालीय, पैसे तेव्हाही धड दिले नाहीत. मला विचाराल तर पुढच्या साथीत पहिले चार आठवडेही कठीण जातील. चुकीचा ठरलो तर तिरकसांसारखं येऊन मान्य करीन.

---

खिडकीतून | ७ मे २०२३, रात्री ११:१०

अरे वा, माझा धागा जिवंत आहे!

मेडिकलच्या बाहेर त्यांनी नंतर चुन्याच्या जागी पिवळ्या ऑइलपेंटने गोल मारले होते, ते अजून आहेत. कुणी बघत नाही, परवा एक लहान मुलगा एका गोलातून दुसऱ्यात उड्या मारत होता.

आईला २०२१ मध्ये कानाचं मशीन घेतलं, तेही दोनदा मास्कच्या दोरीत अडकून पडलं, एकदा तर जिन्यात शोधत बसलो. आता मास्क नाही, तिला माझं सगळं ऐकू येतं, दोन खोल्या पलीकडून बोललेलंसुद्धा, हे जरा गैरसोयीचंच आहे. पण दारात उभं राहून बोलताना मी पुढे झाले की ती अजून एक पाऊल मागे जाते. कालही गेली. मी म्हटलं आई अगं आता ये की जवळ, तर म्हणाली, मी कुठे लांब गेले?